गाव करील ते राव करील काय?

आपल्याकडे म्हण आहे, ‘गाव करील ते राव करील काय?’ लहानपणी शाळेत या म्हणीचा वाक्यात उपयोग करून दोन गुण मिळवले होते, त्यापलीकडे तिचा फारसा विचार केला नव्हता. पण नॉर्थ कॅरोलायनात वीसएक वर्षे राहिल्यावर आणि दरवर्षी घरपट्टीचे बिल भरू लागल्यावर या म्हणीने डोके वर काढले. मंडळाच्या कोणत्याही जेवणावळीत, श्रीखंडाची वाटी हातात असताना, एक विषय हमखास निघतो: “अमक्या कंपनीला काउंटीने एवढे कोटी डॉलर दिले म्हणे! आपल्याला कुणी विचारले का?”

प्रश्न रास्त आहे. बाहेरचा उद्योग आपल्या गावात यावा म्हणून जनतेच्या पैशातून त्याला जमीन, इमारत, करसवलत किंवा रोख अनुदान द्यायचे, ही अमेरिकेतली जुनी चाल आहे. पण त्यासाठी जनतेची संमती कशी मिळवली गेली? कोणी विचारले, कसे विचारले, आणि विचारणे केव्हा बंद झाले? मी इतिहासकार नव्हे. पेशाने सॉफ्टवेअर इंजिनिअर आणि शिक्षणाने अभियांत्रिकीतला पीएच.डी. परंतु ज्या रिसर्च ट्रायँगल पार्कने आपल्यापैकी अनेकांना इथे आणले, तो पार्क कसा उभा राहिला हे वाचता वाचता हा प्रश्न मला मागे मागे नेत गेला. जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवतो.

गोष्टीची सुरुवात आपल्या राज्यात नाही, तर मिसिसिपीत होते. ह्यू व्हाइट नावाचे एक लाकडाचे मोठे व्यापारी कोलंबिया या छोट्या गावाचे महापौर होते. जंगल तोडून संपले, लाकडाच्या गिरण्या बंद पडू लागल्या, तसे गावाचे भवितव्य त्यांना दिसू लागले. त्यांनी गावकऱ्यांकडून पैसा उभा केला, कारखान्याची इमारत बांधली आणि कपडे शिवणारी एक कंपनी गावात आणली. पुढे १९३६ साली व्हाइट राज्याचे गव्हर्नर झाले तेव्हा हाच प्रयोग त्यांनी कायद्यात बसवला. शेतीला उद्योगाची जोड देऊन समतोल साधणे, असे त्या योजनेचे नावच होते. गावाने किंवा काउंटीने कर्जरोखे काढायचे, त्या पैशातून कारखाना बांधायचा आणि तो कंपनीला नाममात्र भाड्याने द्यायचा, अशी ती कल्पना.

यातला मला महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. गावाला रोखे काढायचे असतील तर आधी २० टक्के मतदारांनी सह्यांचा अर्ज करायचा. मग राज्याच्या औद्योगिक आयोगाने छाननी करून दाखला द्यायचा. त्यानंतर मतदान. त्यात निम्म्याहून अधिक मतदारांनी भाग घेतला पाहिजे आणि मत देणाऱ्यांपैकी दोनतृतीयांश लोकांनी ‘हो’ म्हटले पाहिजे. अट साधी नव्हती. घरोघर फिरून, सभा घेऊन, दुकानदारांना आणि शेतकऱ्यांना पटवून हा पाठिंबा उभा करावा लागे. १९३८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ही योजना वैध ठरवली. त्याच काळात पास्कागूला येथे इंगल्सची जहाजगोदी आली. ती गोदी आजही अमेरिकन नौदलासाठी जहाजे बांधते.

इथे एक गोष्ट सांगितली नाही तर चित्र खोटे ठरेल. त्या वेळी मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय नागरिकांना मतदानाचा हक्क जवळजवळ नाकारलेलाच होता, आणि या नव्या कारखान्यांतल्या बऱ्याचशा नोकऱ्याही गोऱ्यांसाठीच होत्या. म्हणजे गावाने कौल दिला खरा, पण गावात कोण मोजले गेले, हा प्रश्न उरतोच. गावकुसाबाहेर कोणाला ठेवायचे हे आपल्या समाजाला वेगळे समजावून सांगायला नको.

आता आपल्या राज्याकडे वळू. १९५० च्या सुमाराचे नॉर्थ कॅरोलायना म्हणजे तंबाखू, सूतगिरण्या आणि लाकडी सामानाचे कारखाने. काम भरपूर, मजुरी कमी. दरडोई उत्पन्नात राज्य देशाच्या अगदी तळाशी. तीन चांगली विद्यापीठे वीस-पंचवीस मैलांच्या टापूत होती: रॉलीचे स्टेट कॉलेज, डरहॅमचे ड्यूक आणि चॅपेल हिलचे युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ कॅरोलायना. पण तिथून पदवी घेतलेली हुशार मुले नोकरीसाठी उत्तरेकडे निघून जात. आपण सांगली-साताऱ्याची मुले पुण्या-मुंबईला आणि तिथून इकडे आलो, तसेच.

ग्रीन्सबरोचे एक बांधकाम व्यावसायिक रोमिओ गेस्ट यांनी या तीन विद्यापीठांच्या मध्ये संशोधनाची वसाहत उभारण्याची कल्पना लावून धरली. ‘रिसर्च ट्रायँगल’ हे नाव प्रचारात आणण्याचे श्रेय त्यांनाच देतात. गव्हर्नर ल्यूथर हॉजेस यांनी ती उचलून धरली. हॉजेस स्वतः कापड उद्योगातून आलेले. चॅपेल हिलचे समाजशास्त्राचे प्राध्यापक जॉर्ज सिम्प्सन यांना समितीच्या कामावर नेमले, आणि विद्यापीठातली मंडळी देशभरच्या कंपन्यांची दारे ठोठावू लागली. प्राध्यापकाने विक्रेत्यासारखे फिरायचे ही त्या काळी नवलाचीच गोष्ट होती.

जमिनीचा प्रश्न मात्र खासगी भांडवलावर सोपवला होता. १९५७ मध्ये पाइनलँड्स नावाची कंपनी निघाली. न्यूयॉर्कचे निवृत्त वस्त्रोद्योगपती कार्ल रॉबिन्स यांनी पैसा घातला आणि सुमारे चार हजार एकर पाइनचे रान घेण्याचे काम सुरू झाले. पुढचा पैसा राज्यातल्या लोकांना शेअर विकून उभा करायचा होता. शेअर कुणी घेईनात. लोकांच्या दृष्टीने तो एका बिल्डरचा आणि एका बाहेरच्या शेठजीचा जमिनीचा धंदा होता. त्यात आपण का पडावे?

१९५८ च्या उत्तरार्धात मदतीसाठी आर्ची डेव्हिस यांना बोलावले. ते विन्स्टन-सेलमच्या वाकोव्हिया बँकेतले बडे अधिकारी. त्यांनी कागदपत्रे पाहून जे सांगितले ते कोणत्याही बँकरच्या तोंडी शोभणार नाही असे होते. त्यांचे म्हणणे असे की हे शेअर विकू नका, देणगी मागा. नफा होणार म्हणून सांगितले तर लोक हिशेब करतील आणि नाही म्हणतील. पण राज्याच्या भल्यासाठी द्या म्हटले, नफा कुणाच्याच खिशात जाणार नाही याची खात्री दिली, तर देतील. उद्दिष्ट ठरले साडेबारा लाख डॉलरचे. डेव्हिस राज्यभर फिरले. जानेवारी १९५९ मध्ये जाहीर झाले की १४ लाख २५ हजार डॉलर जमले आहेत, आणि देणाऱ्यांत बड्या कंपन्यांबरोबर सामान्य नागरिकही आहेत. त्या पैशातून पाइनलँड्सची जमीन विकत घेऊन ती ना-नफा प्रतिष्ठानाकडे दिली गेली आणि रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूट या संशोधन संस्थेचा पाया घातला गेला. रोमिओ गेस्ट यांच्या वैयक्तिक नफ्याचे स्वप्न त्यात विरले, पण पार्क उभा राहिला.

हे वाचताना मला आपला पैसा फंड आठवला नसता तरच नवल. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करून देशी उद्योग उभारण्याची कल्पना मांडली, लोकमान्य टिळकांनी तिला पाठबळ दिले, आणि १९०८ मध्ये त्या पैशातून तळेगावला काचेचा कारखाना निघाला. थेंबे थेंबे तळे साचे, हे तिथे शब्दशः खरे झाले. त्याच सुमारास दुसरी एक तऱ्हाही आपल्याकडे दिसली. बेळगावात नगरपालिकेने जागा रिकामी करायला लावल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला, भांडवलाला मदत केली, आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली. आजच्या भाषेत ते उद्योगाला दिलेले प्रोत्साहनच. एकीकडे गावाने केले, दुसरीकडे रावाने केले. प्रामाणिकपणे सांगायचे तर रावाने केलेले काही कमी पडले नाही! मग म्हण खोटी म्हणायची का? मला वाटते, नाही. राव चांगला निघाला तर रयतेचे नशीब. पण पुढचा राव कसा निघेल याची हमी कोणी द्यावी?

ट्रायँगलच्या बाबतीतही ‘गाव’ कोणते, हे विचारायला हवे. डरहॅममध्ये कृष्णवर्णीयांचे नॉर्थ कॅरोलायना कॉलेज त्याच टापूत होते. त्रिकोणात मात्र त्याला कोन मिळाला नाही. शाळांतला वर्णभेद मोडण्याच्या बाबतीत हॉजेस यांचे सरकार चालढकल करत होते, हेही त्याच वर्षांतले सत्य आहे.

देणग्या जमल्या म्हणजे कारखाने धावत आले असे नव्हे. १९५९ मध्ये केमस्ट्रँड ही कृत्रिम धाग्यांची कंपनी आली. पुढे क्रीडांगणावरचे कृत्रिम गवत याच कंपनीच्या संशोधनातून निघाले. त्यानंतर बराच काळ पाइनच्या रानात वाराच वाहत होता. १९६५ हे वर्ष उजाडले तेव्हा आधी पर्यावरण-आरोग्यविषयक राष्ट्रीय संशोधन केंद्र आणि मग आयबीएम, अशा दोन मोठ्या घोषणा झाल्या आणि पार्कचे दिवस पालटले. आज पार्क सुमारे सात हजार एकरांवर पसरला आहे. कल्पना मांडल्यापासून फळ दिसेपर्यंत दहा वर्षे गेली. निवडून येणाऱ्या माणसाला चार वर्षांत फळ दाखवावे लागते. देणगीदाराला तशी घाई नसते. पार्क टिकला त्यामागे हेही एक कारण असावे.

यानंतर काळ बदलला. दक्षिणेतली सगळीच राज्ये उद्योगांच्या मागे लागली. इकडे महाराष्ट्रातही १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि १९६४ मध्ये सामूहिक प्रोत्साहन योजना आली. माझ्यासारख्या कित्येकांच्या घरची चूल त्या वसाहतींतल्या कारखान्यांवर पेटली. जमिनी कायद्याने संपादन झाल्या. मतदान वगैरे कोणी घेतले नाही.

नॉर्थ कॅरोलायनात मात्र मतदारांना अधूनमधून विचारावे लागे, कारण सार्वजनिक पत गहाण टाकून रोखे काढायचे तर लोकांचा कौल हवा, असे इथली राज्यघटना सांगते. १९७६ मध्ये उद्योगांसाठी महसुली रोखे काढण्याची मुभा देणारी घटनादुरुस्ती मतदारांनी मंजूर केली. पण आणखी एक प्रस्ताव त्यांनी १९८२ मध्ये फेटाळला आणि १९९३ मध्ये पुन्हा फेटाळला. तो असा: एखाद्या भागाच्या विकासासाठी रोखे काढायचे, आणि विकासामुळे त्या भागातल्या घरपट्टीत जी वाढ होईल तिच्यातून ते फेडायचे. गोम अशी की अशा रोख्यांसाठी प्रत्येक वेळी मतदान घ्यावे लागणार नव्हते. २००४ मध्ये हाच प्रस्ताव तिसऱ्यांदा आला, आता ‘स्वतःची फेड स्वतः करणारे रोखे’ अशा नावाने. या वेळी थोडक्या मताधिक्याने तो मंजूर झाला. मी तेव्हा नुकताच आलेला विद्यार्थी होतो, मत देण्याचा हक्क नव्हता. पण रस्त्याच्या कडेच्या पाट्या वाचून वाटायचे की स्वतःची फेड स्वतः करणारे कर्ज मलाही मिळाले तर किती बरे! नावात काय आहे म्हणतात, पण मतपत्रिकेवर नावातच पुष्कळ असते.

रोख अनुदानांचा प्रश्न मतपेटीऐवजी न्यायालयात सुटला. तंबाखूच्या राजधानीत, विन्स्टन-सेलममध्ये, १९८७ साली आरजेआर नॅबिस्कोने आपले मुख्यालय अटलांटाला हलवले, आणि सगळे शहर हादरले. शहर आणि फोर्साइथ काउंटी यांनी मग नव्या-जुन्या कंपन्यांना अनुदाने देण्यास सुरुवात केली. विल्यम मॅरेडी या स्थानिक वकिलांनी दावा लावला की जनतेचा कर खासगी कंपन्यांना देणे घटनेत बसत नाही. अशी २४ प्रकरणे होती आणि रक्कम सुमारे १ कोटी ३२ लाख डॉलर. खालच्या न्यायालयाने त्यांची बाजू उचलून धरली. त्यावर राज्यभरचे नगरशेठ, महापौर आणि विकास मंडळे खडबडून जागी झाली. मार्च १९९६ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने निकाल फिरवला: रोजगार वाढणे आणि करपाया रुंदावणे हे सार्वजनिक हितच आहे, त्यात कंपनीचा फायदा झाला म्हणून ते हित नाहीसे होत नाही. न्यायमूर्ती रॉबर्ट ऑर यांनी विरोधी मत नोंदवले. त्याच वर्षी विधिमंडळाने कंपन्यांना करसवलती देणारा मोठा कायदा केला, आणि २००२ मध्ये रोजगाराच्या प्रमाणात अनुदान देणारी योजना आली. वेगळ्या शब्दांत, गावाला विचारण्याची गरज बरीचशी उरली नाही.

याची परीक्षा लवकरच झाली. नोव्हेंबर २००४ मध्ये खास अधिवेशन भरवून विधिमंडळाने डेल कंपनीसाठी सुमारे २४ कोटी २० लाख डॉलरपर्यंतच्या सवलती एका दिवसात मंजूर केल्या. मग शेजारशेजारच्या काउंट्यांत चढाओढ लागली आणि विन्स्टन-सेलम-फोर्साइथने सुमारे ३ कोटी ७० लाखांची बोली लावून बाजी मारली. न्यायमूर्तिपद सोडलेले ऑर आता वकील म्हणून या सवलतींविरुद्ध उभे राहिले, पण २००७ मध्ये अपील न्यायालयानेही दावा काढून टाकला. कारखाना ऑक्टोबर २००५ मध्ये सुरू झाला. ऑक्टोबर २००९ मध्ये, बरोबर चार वर्षांनी, तो बंद करण्याची घोषणा झाली. सुमारे नऊशे माणसे कामाला होती. लोक डेस्कटॉप सोडून लॅपटॉप घेऊ लागले होते, आणि त्याला ना महापौर जबाबदार ना कामगार.

मात्र शहराने आणि काउंटीने करारात परतफेडीचे कलम घातले होते. ठरलेले रोजगार टिकले नाहीत तर पैसे परत. ते कलम कामाला आले आणि स्थानिक करदात्यांचे बरेचसे पैसे परत मिळाले. आम्हा इंजिनिअर लोकांना यात नवल वाटत नाही. कोणत्याही नियंत्रण यंत्रणेत बाहेर पडलेल्या परिणामाची खबर उलट आत यावी लागते. ती वाट नसेल तर यंत्र भरकटते. परतफेडीचे कलम ही पैशाची उलटी वाट. पण लोकांच्या मताची उलटी वाट कुठली?

ती वाट अगदीच बंद नाही, हे सांगण्यासाठीच हा लेखप्रपंच. काउंटीने किंवा शहराने असे अनुदान देण्यापूर्वी जाहीर सूचना देऊन सुनावणी घेतली पाहिजे, असा या राज्याचा कायदा आहे. नागरिकत्व मिळाल्यावर मी अशा एका सुनावणीला मुद्दाम गेलो. सूचनेत कंपनीचे खरे नाव नव्हते, नुसते टोपणनाव होते. संध्याकाळची वेळ, सभागृह मोठे, खुर्च्या बहुतेक रिकाम्या. बोलणाऱ्याला तीन मिनिटे. एक निवृत्त शाळामास्तर उठले आणि शांतपणे म्हणाले, एवढ्या पैशात किती वर्गखोल्या होतील ते सांगा. विकास मंडळाच्या बाईंनी तितक्याच शांतपणे करपायाचे आकडे सांगितले. मी विचारले, पगाराचा आकडा सरासरी आहे की मध्यक? वरच्या चारजणांच्या पगाराने सरासरी फुगते, हे सांगायला पीएच.डी. लागत नाही. उत्तर मिळाले, नोंदही झाली. प्रस्ताव मंजूर झालाच. पण निघताना त्या मास्तरांनी माझा हात दाबला आणि म्हणाले, “तुमच्यापैकी कुणी इथे आलेले मी पहिल्यांदाच पाहतो.” हे वाक्य माझ्या मनातून जात नाही.

कारण आपण या व्यवहारात तिऱ्हाईत नाही. २०२१ मध्ये ॲपल कंपनीने पार्कमध्ये किमान ३००० नोकऱ्यांचे संकुल उभारण्याची घोषणा केली आणि राज्याने ३९ वर्षांत मिळून ८४ कोटी डॉलरहून अधिक सवलतींची तयारी दाखवली, तेव्हा आपल्या घरांच्या किमतींची चर्चा मंडळाच्या गणपतीतही झाली. २०२४ मध्ये कंपनीने मुदतवाढ मागितली, तेव्हाही झाली. ज्या नोकऱ्यांसाठी हे पैसे दिले जातात त्या पुष्कळदा आपल्यालाच मिळतात, आणि घरभाडी वाढली म्हणून ज्यांना गाव सोडावे लागते ते आपले शेजारी असतात. पगार घेताना आपण गावाचे आणि सुनावणीच्या वेळी पाहुणे, हे बरे दिसत नाही.

मी अनुदानांच्या सरसकट विरोधात नाही. एमआयडीसीच्या भाकरीवर वाढलेल्याने आणि ट्रायँगलमध्ये घर बांधलेल्याने तसे बोलणे कृतघ्नपणाचे होईल. माझे म्हणणे एवढेच की पाठिंबा मिळवण्याचा खरा मार्ग आर्ची डेव्हिस यांनी दाखवला: लोकांना आधी विचारा, फायदा कुणाचा हे स्पष्ट सांगा, आणि तो एका खिशात जाणार नाही याची व्यवस्था आधी करा. आणि ‘लोक’ म्हणताना कुणाला वगळले नाही ना, हे प्रत्येक पिढीने नव्याने तपासा. आता वगळले जाणारे बरेचदा वगळले जात नाहीत, ते घरी बसतात.

सुनावणीच्या सूचना काउंटीच्या कार्यालयात आणि वर्तमानपत्रात येतात. मंडळाच्या कार्यकारिणीने त्या आपल्या पत्रिकेतही छापाव्यात अशी माझी विनंती आहे. पुढच्या वेळी चौघे-पाचजण जाऊ. तीन-तीन मिनिटे मिळाली तरी पंधरा मिनिटे होतात, आणि मराठी माणसाला पंधरा मिनिटे बोलायला मिळाली तर तो पुष्कळ काही बोलून घेतो.